नकाशा कोणी वाचायचा?

महाराष्ट्रात दुष्काळ कोणत्या तालुक्यात आहे आणि कोणत्या तालुक्यात नाही, हे ठरवताना शासन ज्या संगणकीय नकाशांचा आधार घेते, त्यांपैकी अनेक नकाशे नागपुरात तयार होतात. विश्वेश्वरय्या राष्ट्रीय तंत्रज्ञान संस्थेच्या आवारात १९८८ पासून उभे असलेले महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र हे त्याचे ठिकाण. अमरावती मार्गावर, विद्यापीठाच्या परिसराला लागूनच, राष्ट्रीय मृदा सर्वेक्षण व भूमी उपयोग नियोजन ब्यूरो आहे. देशाच्या मातीचे नकाशे तिथे तयार होतात. विद्यापीठाच्या मराठी विभागातून निघालेला विद्यार्थी काही मिनिटांत तिथे पोहोचेल. आमचे म्हणणे असे की तो तिथे कधीच पोहोचत नाही, आणि ह्यात काही बिघडते आहे असे साहित्याच्या अभ्यासकांना वाटतही नाही. प्रस्तुत लेख ह्या निश्चिंतीविरुद्ध आहे.

संगणक आणि त्यावरची आलेख-नकाशांची साधने ह्यांविषयी आपल्याकडे दोनच पवित्रे प्रचलित आहेत. पहिला भाविकांचा : आकडे खोटे बोलत नाहीत, नकाशा निःपक्षपाती असतो, अधिकाऱ्याने पडद्याकडे पाहावे आणि निर्णय घ्यावा. दुसरा विरक्तांचा : यंत्राला हृदय नसते, माणसाचे दुःख आकड्यांत मावत नाही, सबब साहित्याने ह्या सगळ्याकडे पाठ फिरवून आपले संवेदनांचे क्षेत्र सांभाळावे. पहिला पवित्रा सचिवालयात आढळतो आणि दुसरा चर्चासत्रांत. वरवर परस्परविरुद्ध भासणारे हे दोन्ही पक्ष एका गृहीतकावर एकमत आहेत. नकाशा हा वाचण्याचा मजकूर नाही, तो फक्त पाहण्याची वस्तू आहे, असे दोघेही मानतात. भाविक तो पाहून नमस्कार करतो, विरक्त तो पाहून मान फिरवतो. वाचत कोणीच नाही.

आमची भूमिका ह्या दोहोंपेक्षा वेगळी आहे. नकाशा हा मजकूर आहे. त्याला कर्ता असतो, दृष्टिकोन असतो, त्यात निवड आणि गाळणूक असते, अलंकारही असतात. आणि मजकूर असल्यामुळे त्याचे वाचन करणे हे ज्यांनी वाचन हाच व्यवसाय म्हणून पत्करला आहे त्यांचे काम आहे.

हे केवळ सैद्धांतिक आवाहन नव्हे, हे दाखवण्यासाठी २०१८ चे उदाहरण घेऊ. केंद्र सरकारच्या २०१६ च्या दुष्काळ व्यवस्थापन संहितेनुसार दुष्काळ ठरवण्याची पद्धत बदलली. आधी पावसाची तूट पाहायची. ती ठरावीक मर्यादेपलीकडे गेली की पेरणीचे क्षेत्र, जमिनीतील ओलावा, भूजल, जलाशयांतील साठा आणि उपग्रहांनी टिपलेली पिकांची स्थिती हे प्रभावदर्शक निर्देशांक तपासायचे. त्यानंतर बाधित क्षेत्रातील १० टक्के गावे यादृच्छिक पद्धतीने निवडून प्रत्यक्ष शिवारात जाऊन पाहणी करायची. ह्या सर्व माहितीची जुळणी करण्यासाठी नागपूरच्या उपर्युक्त केंद्राने विकसित केलेली 'महामदत' ही संगणक प्रणाली त्या वर्षी वापरली गेली. ऑक्टोबर २०१८ मध्ये प्रथम १८० तालुक्यांत 'दुष्काळसदृश' परिस्थिती असल्याचे जाहीर झाले. आठवडाभरात, ३१ ऑक्टोबरला, १५१ तालुक्यांत दुष्काळ घोषित झाला. त्यांपैकी ११२ तालुक्यांत गंभीर आणि ३९ तालुक्यांत मध्यम.

'सदृश' हा शब्द साहित्याच्या विद्यार्थ्याला परका नाही. अलंकारांच्या पहिल्याच धड्यात तो भेटतो. उपमान, उपमेय, साधारण धर्म आणि सादृश्यवाचक शब्द ह्या चार अंगांपैकी हे चौथे अंग. चंद्रासारखे मुख म्हणजे चंद्र नव्हे. सादृश्य सांगणारा शब्द दोन वस्तूंना जवळ आणतो आणि त्याच वेळी वेगळेही ठेवतो. शासनाला नेमके हेच हवे होते. परिस्थिती दुष्काळासारखी आहे असे म्हणायचे, दुष्काळ आहे असे म्हणायचे नाही. आठवडाभराने १५१ तालुक्यांतला 'सदृश' गळला आणि उपमेचे विधान झाले. उरलेल्या २९ तालुक्यांची केवळ उपमा राहिली. २०२३ मध्ये ह्याची पुनरावृत्ती झाली : ४० तालुक्यांत दुष्काळ, आणि त्याबाहेरच्या १०२१ महसूल मंडळांत पुन्हा 'दुष्काळसदृश'.

ह्या शब्दावर काय अवलंबून असते ते पाहा. जमीन महसुलात सूट, पीक कर्जाचे पुनर्गठन, शेतीकर्जाच्या वसुलीला स्थगिती, कृषिपंपांच्या वीजबिलात सवलत, रोजगार हमीच्या निकषांत शिथिलता, गरज पडेल तिथे टँकर. आणि आमच्या वाचकांच्या थेट परिचयाची एक सवलत : शाळा-महाविद्यालयांतील विद्यार्थ्यांची परीक्षा शुल्काची माफी. एकाच वर्गात शेजारी बसणाऱ्या दोन विद्यार्थ्यांपैकी एकाचे शुल्क माफ होते आणि दुसऱ्याचे होत नाही, कारण त्यांच्या गावांच्या मधून तालुक्याची सीमा जाते आणि सीमेच्या दोन बाजूंना नकाशावर दोन रंग आहेत. त्या वर्गात उपमा आणि रूपक ह्यांतला भेद शिकवणाऱ्या प्राध्यापकाने फळ्याबाहेर पाहिले असते तर त्या भेदाची किंमत त्याला रुपयांत दिसली असती.

आता हे रंग कसे भरले जातात ते पाहू. हिरवे पान तांबडा प्रकाश शोषून घेते आणि डोळ्यांना न दिसणारे निकट-अवरक्त किरण मोठ्या प्रमाणात परावर्तित करते. उपग्रह ह्या दोन्हींची मोजणी करतो. अवरक्तातून तांबडा वजा करायचा आणि त्या दोहोंच्या बेरजेने भागायचे. येणारी संख्या उणे एक ते अधिक एक ह्यांच्या दरम्यान असते. जितकी अधिकाच्या जवळ तितकी हिरवाई दाट. ही युक्ती साधी आणि सुंदर आहे, तिची चेष्टा करण्याचा आमचा हेतू नाही. पण तिच्यापासून नकाशापर्यंत येताना माणसांनी किती ठिकाणी निवड केलेली असते, हे मोजणे आवश्यक आहे.

पहिली निवड चौकटीच्या आकाराची. पिकांच्या निरीक्षणासाठी जगभर वापरल्या जाणाऱ्या मोडिस ह्या उपकरणाची सर्वांत बारीक चौकट २५० मीटर बाजूची असते, म्हणजे सव्वासहा हेक्टर किंवा सुमारे साडेपंधरा एकर. २०१५-१६ च्या कृषी गणनेनुसार महाराष्ट्रातील सरासरी धारण क्षेत्र १.३४ हेक्टर आहे. म्हणजे एका चौकटीत चार-पाच शेतकऱ्यांचे शिवार एकाच रंगाचे होते. त्यात एकाची विहीर, दुसऱ्याची बरड जमीन आणि तिसऱ्याचा बांधावरचा बाभूळबन सगळे मिसळून जाते. उलट २०१५ पासून उपलब्ध असलेल्या सेंटिनेल-२ ह्या युरोपीय उपग्रहाची बारीक चौकट १० मीटर बाजूची असते. मराठी माणसाला ते माप वेगळे समजावून सांगावे लागत नाही; ती जवळजवळ एक गुंठा भरते. साडेपंधरा एकरांचे वाक्य आणि एका गुंठ्याचे वाक्य ह्यांत काय फरक असतो, हे महाकाव्य आणि भावकविता ह्यांतला फरक शिकवणाऱ्यांना कळायला हरकत नसावी.

दुसरी निवड काळाची. खरिपाचे पीक वाढते तेव्हा आकाशात ढग असतात आणि ह्या प्रकारच्या उपग्रहाला ढगांपलीकडचे दिसत नाही. म्हणून अनेक दिवसांच्या प्रतिमांमधून ढगविरहित तुकडे निवडून एक प्रतिमा जुळवली जाते. जो नकाशा एका दिवसाचे दर्शन म्हणून समोर येतो तो वस्तुतः अनेक दिवसांचे संपादन असतो.

तिसरी निवड उंबरठ्याची. राज्यात दोन हजारांहून अधिक महसूल मंडळांत स्वयंचलित हवामान केंद्रे आहेत, आणि चोवीस तासांत ६५ मिलिमीटर किंवा त्याहून अधिक पाऊस नोंदला गेला तर त्या मंडळात अतिवृष्टी झाली असे धरले जाते. पर्जन्यमापक मंडळात एका ठिकाणी असतो आणि पाऊस सगळीकडे सारखा पडत नाही. नाल्यापलीकडचे शेत खरडून गेले तरी पर्जन्यमापकात ६४ भरले तर पहिल्या कसोटीला ते शेत कोरडेच. ६५ ही संख्या आभाळातून पडलेली नाही. ती माणसांनी ठरवली, आणि कुठेतरी रेघ ओढावी लागते म्हणून ठरवली. रेघ ओढण्याला आमचा आक्षेप नाही. रेघ निसर्गाने ओढली आहे असे भासवण्याला आहे.

चौथी निवड रंगांची. सरासरीपासूनचे विचलन किती झाले की पिवळा, किती झाले की नारिंगी आणि कुठून लाल, हे ठरवणाऱ्याच्या हातात नकाशाचा स्वर असतो. तीच आकडेवारी, वेगळ्या उंबरठ्यांनी रंगवली, तर एखाद्या बैठकीत हाहाकार माजवू शकते किंवा सगळ्यांना चहा प्यायला सोडू शकते.

इतके वाचून विरक्त पक्षाला आनंद झाला असेल तर तो क्षणभर आवरावा. आम्ही त्यांच्या बाजूने साक्ष देत नाही. ह्या नकाशांच्या आधी जी व्यवस्था होती ती अधिक मानवी होती, हा एक मोठा गैरसमज आहे. तिचे नाव आणेवारी, पुढे पैसेवारी. चांगल्या वर्षाचे पीक सोळा आणे किंवा शंभर पैसे धरायचे आणि यंदाचे किती ते ठरवायचे. पन्नास पैशांच्या आत आले तर टंचाई. गावाच्या समितीने ठरवायचे, तलाठ्याने लिहायचे, पीक कापणीचे प्रयोग करायचे. शिवारातला कोणता तुकडा प्रयोगासाठी निवडला, कोणाच्या बांधावर समिती उभी राहिली, आणि वरून कोणता आकडा अपेक्षित होता, ह्यांवर निकाल फिरण्याची सोय त्या पद्धतीत होती. ह्या पैसेवारीचा पहिला टप्पा 'नजरअंदाज' म्हणून ओळखला जातो, मग 'सुधारित' आणि शेवटी 'अंतिम'. मराठीत नजरअंदाज म्हणजे नजरेने बांधलेला अंदाज. नागपूरच्या रस्त्यावर मराठीइतकीच हिंदीही चालते, आणि हिंदीत त्याच शब्दाचा अर्थ दुर्लक्ष करणे असा होतो. मेळघाटच्या आतल्या किंवा गडचिरोलीच्या नदीपलीकडच्या ज्या गावांत पाहायला फारसे कोणी फिरकतच नसे, त्यांच्या बाबतीत दोन्ही भाषा एकाच वेळी खऱ्या ठरण्याची भीती होती. उपग्रहाला रस्ता लागत नाही आणि पाटलाची ओळखही लागत नाही. त्याच्या चौकटीत सर्वांत वजनदार माणसाचे शेत आणि सर्वांत दुबळ्या माणसाचे शेत एकाच सूत्राने मोजले जाते. हे लहान यश नव्हे, आणि यंत्राच्या निर्दयतेवर कविता लिहिणाऱ्यांनी ते आधी मान्य करावे.

म्हणून प्रश्न यंत्र की माणूस असा नाहीच. संगणकाने अधिकाऱ्याच्या निर्णयाला आधार दिला, तो नक्कीच दिला. शेकडो तालुक्यांचा पाऊस, ओलावा आणि हिरवाई कोणत्याही एका डोक्यात मावणार नाही. ती एका पानावर दिसू लागली की कुठे आधी जावे हे कळते. तलाठी, मंडळ अधिकारी, कृषी सहायक, बँकेचा शाखाधिकारी, जिल्हाधिकारी ह्या सगळ्यांच्या रोजच्या कामात हा आधार आज आहे. प्रश्न पुढचा आहे. आधार आणि निर्णय ह्यांच्यामध्ये वाचन नावाची एक पायरी असते, आणि ती पायरी गाळली जात आहे.

ती गाळली की काय होते त्याचे एक उदाहरण विदर्भातच आहे. २०१७ च्या हंगामात कपाशीवर गुलाबी बोंडअळीचा मोठा प्रादुर्भाव झाला. ही अळी बोंडाच्या आत शिरते आणि आतच सरकी खाते. बोंड बाहेरून धड दिसते, झाड हिरवे राहते, शिवार हिरवे राहते. हिरवाई मोजणाऱ्या सूत्राला ह्यात काहीच वावगे आढळणार नाही, कारण हिरवाई खरोखरच असते. नसतो तो कापूस. काटोल-नरखेडकडच्या संत्राबागांचेही तसेच. संत्र्याचे झाड सदाहरित. बहराची फळे गळून बुंध्याभोवती सडा पडला तरी वरून पाहणाऱ्याला बाग डवरलेलीच दिसते. सूत्र चुकत नाही. त्याला जे विचारले तेवढेच ते सांगते. त्याला पान विचारले होते. शेतकऱ्याचे आयुष्य बोंडावर आणि फळावर अवलंबून असते, आणि पानाच्या उत्तरावरून बोंडाचा निष्कर्ष काढणे ही वाचकाची चूक आहे, यंत्राची नव्हे. साहित्यसमीक्षेत हिला आपण फार पूर्वीपासून ओळखतो. कवितेतल्या 'मी'ला कवी समजणाऱ्या विद्यार्थ्याचे गुण ह्याच चुकीसाठी कापले जातात.

भाविक पक्ष ह्यावर म्हणेल की ही उणीव तात्पुरती आहे. चौकट आणखी लहान होईल, उपग्रह आणखी वाढतील, शेतकरी स्वतःच माहिती पुरवील. होय, १५ ऑगस्ट २०२१ पासून ई-पीक पाहणीत शेतकरी आपल्या मोबाइलवरून पिकाचे छायाचित्र काढून सातबाऱ्यावरची नोंद स्वतः करू लागला आहे, आणि हे पाऊल स्वागतार्ह आहे. पण चौकट लहान केल्याने प्रश्न बदलत नाही. एका गुंठ्याचा हिरवा ठिपकादेखील पानाबद्दलच बोलतो. अधिक माहिती म्हणजे अधिक अर्थ नव्हे. तसे असते तर सर्वांत जाड कादंबरी सर्वांत थोर ठरली असती.

जगात नकाशाने जीव वाचवल्याचे जे उदाहरण सर्वाधिक सांगितले जाते तेही इथे नीट वाचले पाहिजे. १८५४ मध्ये लंडनच्या सोहो भागात कॉलरा पसरला. डॉक्टर जॉन स्नो ह्यांनी मृतांची घरे नकाशावर मांडली, सगळ्या खुणा ब्रॉड स्ट्रीटच्या पंपाभोवती दाटलेल्या दिसल्या आणि पंपाचा दांडा काढून टाकण्यात आला, अशी ही कथा सांगितली जाते. वास्तविक कॉलरा पाण्यातून पसरतो हे मत स्नो ह्यांनी १८४९ मध्येच छापले होते. १८५४ मध्ये ते दारोदार फिरले, जवळ राहूनही न दगावलेल्यांची आणि दूर राहूनही दगावलेल्यांची चौकशी त्यांनी केली. दांडा ८ सप्टेंबरला निघाला. तोवर साथ ओसरू लागली होती. तो प्रसिद्ध नकाशा त्यांच्या ग्रंथात आला तो त्यानंतर, १८५५ मध्ये. म्हणजे नकाशाने सत्य शोधून काढले नाही. पायपीट करून मिळवलेले सत्य इतरांना पटवण्यासाठी स्नो ह्यांनी केलेला तो युक्तिवाद होता. उत्तम नकाशाही युक्तिवादच असतो. आणि युक्तिवाद तपासायचा असतो.

ह्यासाठी लंडनला जाण्याचीही आवश्यकता नाही. नागपुरातच, शून्य मैलाचा दगड आहे. १९०७ चा हा स्तंभ म्हणजे भारताचा मध्यबिंदू, असे आपण पाहुण्यांना अभिमानाने सांगतो. शून्य काही जमिनीतून उगवत नाही. ज्याच्या हाती मोजपट्टी असते तो ठरवतो की कुठून मोजायचे. त्या मोजणीच्या महाप्रकल्पाची सुरुवात १८०२ मध्ये मद्रासला करणारा विल्यम लँबटन उत्तरेकडे सरकत सरकत २० जानेवारी १८२३ रोजी हिंगणघाटला मरण पावला. आमच्या शेजारच्या वर्धा जिल्ह्यात त्याची कबर आहे. ज्या साम्राज्यासाठी तो मोजत होता त्याच्या हिशेबात ह्या प्रदेशाच्या कापसाला पुढे काय मोल आले, हे विदर्भाला सांगायला नको. मोजणी अचूक होती. तरीही ती कोणासाठी होती हा प्रश्न उरतोच. अचूकपणा आणि निरपेक्षता ह्या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे शिकवायला ह्या शहराइतके सोयीचे शहर दुसरे नसेल.

ह्या सगळ्यात भाषेचा भाग किती, असे विचारले जाईल. आमच्या मते मूळ भाग तोच. बैठकीत म्हटले जाते : 'नकाशात असे दिसते की...' मराठीत 'दिसणे' ह्या क्रियापदाची गंमत अशी की त्याला करणारा लागत नाही. पाऊस पडतो तसे ते दिसते. त्याऐवजी 'दाखवणे' हे क्रियापद वापरले की लगेच प्रश्न उभा राहतो : कोणी दाखवले, कोणाला, कशासाठी, आणि काय दाखवले नाही? शासनव्यवहारातील बहुतेक अन्याय 'दिसते'च्या आड सुखाने राहतात. 'दिसते'चे 'दाखवले' करणे ही व्याकरणाची एक साधी कृती आहे, आणि तीच समीक्षेचीही पहिली कृती आहे.

त्याहून उघड गोष्ट अशी की ज्याच्याबद्दल हे नकाशे बोलतात त्याला ते वाचता येत नाहीत. पडद्यावरची तांत्रिक परिभाषा पुष्कळदा इंग्रजी असते, आणि मराठी केली तर कोणाला न कळणारी. महात्मा फुले ह्यांनी 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला तो १८८३ मध्ये. स्वतःबद्दल लिहिलेला कागद स्वतःला वाचता येत नाही, आणि ज्याला तो वाचता येतो त्याच्या हाती आपली मान जाते, हे शेतकऱ्याचे दुखणे त्यांनी मांडले. त्यावर त्यांनी कागद जाळा असे सांगितले नाही. शिका असे सांगितले. आजचा कागद रंगीत आहे आणि तो पडद्यावर उमटतो, एवढाच फरक. शिकवणारे मात्र त्या कागदाला साहित्यबाह्य ठरवून मोकळे झाले आहेत. ज्या वर्गात सदानंद देशमुख ह्यांच्या 'बारोमास'वर महिनाभर चर्चा होते, त्या वर्गात त्या कादंबरीतल्यासारख्या गावाचे भवितव्य ठरवणारा एक नकाशा तासभरसुद्धा वाचला जात नाही. कोरडवाहू शेतीची कादंबरी अभ्यासायची आणि कोरडवाहू शेतीचा निवाडा करणारा मजकूर भूगोलाच्या विभागाकडे ढकलायचा, ही विभागणी कोणत्या वाङ्मयीन मूल्यात बसते?

आक्षेप अपेक्षित आहेत. पहिला : हे विज्ञानाच्या लोकांचे काम आहे. नकाशा तयार करणे हे निश्चितच त्यांचे काम. परंतु मजकुरातले मौन ऐकणे, निवेदक आणि लेखक वेगळे करणे, विधान आणि उपमा ह्यांत भेद करणे हे कौशल्य त्यांच्या शिक्षणात नाही आणि आपल्या शिक्षणात आहे. दुसरा : ह्यामुळे साहित्याची स्वायत्तता धोक्यात येईल. आमचे उत्तर असे की साहित्याच्या विभागांची स्वायत्तता आज एका उतरत्या आलेखाने धोक्यात आली आहे. विद्यार्थिसंख्येचा तो आलेख प्राचार्यांच्या दालनात दाखवला जातो आणि त्यावरून विषय बंद करण्याची भाषा सुरू होते. अक्ष शून्यापासून सुरू होतो की मध्येच, किती वर्षे घेतली, कोणती गाळली, शेजारच्या विषयांचे काय झाले, हे त्या दालनात विचारू शकणारा भाषेचा एक तरी प्राध्यापक असायला हवा. स्वतःवरचा निवाडा ज्याला वाचता येत नाही, त्याने स्वायत्ततेच्या गोष्टी जपून कराव्यात. तिसरा आक्षेप : अभ्यासक्रमात जागा नाही. एका सत्रातले चार तास पुरतील.

आमची मागणी म्हणून मर्यादित आणि स्पष्ट आहे. शासनाकडे अशी, की ज्या नकाशावरून लोकांचा हक्क ठरतो त्या नकाशावर चार गोष्टी वाचता येतील अशा मराठीत छापलेल्या असाव्यात : तो कोणत्या दिवसांच्या प्रतिमांवरून जुळवला, एक चौकट किती गुंठ्यांची, रंग कोणत्या आकड्यावर बदलतो, आणि ह्या नकाशाला काय दिसू शकत नाही. प्रत्यक्ष पाहणीसाठी निवडलेल्या १० टक्के गावांची यादी आणि तिथे लिहिलेला अहवाल नकाशाइतक्याच ठळकपणे प्रसिद्ध व्हावा. रंग आणि शिवार ह्यांत विसंगती आढळली तेव्हा कोणाचे ऐकले, हे तिथेच कळेल.

आणि विदर्भातल्या मराठी विभागांकडे अशी, की येत्या शैक्षणिक वर्षात अमरावती मार्गावरून थोडे पुढे चालत जावे. मृदा ब्यूरोच्या आणि सुदूर संवेदन केंद्राच्या तज्ज्ञांना वर्गात बोलवावे, त्यांचा एक नकाशा पडद्यावर लावावा आणि विद्यार्थ्यांना एखाद्या कवितेबद्दल विचारतो तेच प्रश्न विचारावेत. कोण बोलते आहे? कोणाशी? कुठून पाहते आहे? काय सांगायचे टाळते आहे? तज्ज्ञांना ते प्रश्न आवडतील असा आमचा अंदाज आहे, कारण नकाशाच्या मर्यादा त्यांनाच सर्वांत चांगल्या ठाऊक असतात. आजवर त्या कोणी विचारलेल्या नाहीत एवढेच. मग त्याच विद्यार्थ्यांना सुट्टीत गावी गेल्यावर आपापल्या महसूल मंडळाचा नकाशा घेऊन शिवारात जायला सांगावे, आणि रंग व पीक जिथे जुळत नाहीत ती जागा मराठीत, दोन पानांत, गटनंबरासह लिहून आणायला सांगावे. त्या दोन पानांना गुण द्यावेत. तलाठी कार्यालयातही त्यांची एक प्रत द्यावी.